जिवंत दाण्याचा भाव

(पूर्णगड, जि. रत्नागिरी येथे कापूस-ज्वारी टापूतील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचनासाठी.)



आज पहाटे आपल्यातले बरेच जण गडावर जाऊन आले. गड कसला, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या देशमुखी वाड्याएवढा. एका अंगाला मुचकुंदीची खाडी, समोर समुद्र, आणि समुद्राकडे उघडणारा एक दरवाजा. उतरताना एका भावाने विचारले, "भाऊ, इथं ना कापूस, ना ज्वारी. काळी माती तर औषधालाही नाही. ज्वारीवर बोलायला आम्हाला एवढ्या लांब कशाला आणलं?"

प्रश्न रास्त आहे. प्रवासखर्च प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून केला आहे, तेव्हा त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

सकाळी न्याहारीला आपल्याला नाचणीचे सत्व मिळाले. काहींनी नाक मुरडले, काहींनी दोनदा मागून घेतले. ज्या घरी आपण उतरलो तिथल्या आजींना आम्ही विचारले, हे करता कसे? त्या म्हणाल्या, "नाचणी रात्रभर भिजत घालायची, फडक्यात बांधून ठेवायची, मोड आले की सावलीत वाळवायची, जराशी भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची." बस्स. चार वाक्यांत त्यांनी सांगितले ते काम परदेशात शेकडो फूट लांबीच्या कारखान्यांत होते, आणि त्या मालाला नाव आहे 'माल्ट'. हॉर्लिक्सच्या डब्यावर हा शब्द आपण वाचलेला आहे. बिअरच्या बाटलीशीही त्याचा संबंध आहे, हे न वाचताच माहीत असणारेही इथे असतील. (हशा)

तर आज बोलायचे आहे ते माल्टवर. जगात माल्ट मुख्यतः एका धान्याचे होते. आपली जुनी माणसे त्याला सातू म्हणत. उत्तरेत जव म्हणतात, इंग्रजीत बार्ली. जव म्हणजे जवस नव्हे. जवस म्हणजे अळशी, ती तुम्हाला चांगली ठाऊक आहे. आम्ही तुम्हाला सातू पेरा म्हणून सांगायला उभे नाही, हे पहिल्यांदाच स्पष्ट करतो. सातू राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणाच्या थंडीचे पीक आहे. आपला हिवाळा आखूड, दाणा भरायच्या वेळी ऊन तापायला लागते आणि दाणा चिंबतो. सातू त्यांना लखलाभ. सातूच्या शेतकऱ्याला आणि सातूच्या दाण्याला बाजारात जी किंमत मिळाली ती कशामुळे मिळाली, एवढेच आपल्याला समजून घ्यायचे आहे. कारण ती आपल्या ज्वारीला मिळालेली नाही.

दाण्याच्या पोटातली कोठी

शेतकी कॉलेजात आम्हाला बी म्हणजे काय हे शिकवले ते आकृती काढून. तुम्हाला आकृतीची गरज नाही. दाण्याच्या एका टोकाला जीव असतो, बाकीचा दाणा म्हणजे त्या जिवाची शिदोरी, पिठूळ. शिदोरीच्या कोठीला कुलूप असते. दाणा ओला झाला की जीव जागा होतो आणि कुलूप उघडणारे रस सोडतो. पुस्तकात त्यांना विकरे म्हणतात. ही विकरे पिठूळाची साखर करतात, त्या साखरेवर कोंब वाढतो. मोड आलेली मटकी गोडसर लागते ती याच कारणाने.

माल्ट करणारा माणूस काय करतो? सातू भिजवतो, दाण्यात चाळीस-पंचेचाळीस टक्के पाणी मुरू देतो, चार-पाच दिवस गारव्यात मोड येऊ देतो आणि कुलूप उघडले, पण जिवाने कोठी अजून खाल्ली नाही, अशा नेमक्या वेळी गरम हवेने वाळवून सगळे थांबवतो. उघडलेली कोठी त्याच्या हाती येते. पुढे तिची बिअर करा, लहान मुलांचा आहार करा, बिस्किटात घाला.

आता यातली खरी गोम बघा. मेलेल्या दाण्याचे माल्ट होत नाही. पीठ होईल, पेंड होईल, कोंबडीचे खाद्य होईल. पण जो दाणा उगवत नाही तो माल्टच्या कारखान्याला कचऱ्यासारखा आहे. उलट त्याला बुरशी लागून शेजारचे दाणेही नासतात. म्हणून माल्टवाला शंभरातले पंच्याण्णव दाणे उगवलेच पाहिजेत असा आग्रह धरतो. आणि नुसते उगवून भागत नाही, एकाच दिवशी उगवले पाहिजेत. एक दाणा मोठा, एक बारीक असला की एकाचा मोड लांब जातो आणि दुसरा अजून भिजतच असतो. सातूत दोन ओळींची ओंबी असते आणि सहा ओळींचीही असते. सहा ओळींतले बाजूचे दाणे बारीक राहतात, दोन ओळींचा दाणा एकसारखा भरतो, म्हणून माल्टवाल्याचा जीव दोन ओळींवर.

तिसरी अट तर आपल्याला उफराटीच वाटेल. दाण्यात प्रथिन जास्त नको. नऊ ते अकरा टक्के असावे, त्याहून वाढले की पिठूळ घटते आणि बिअर गढूळ होते. म्हणजे युरियाचे आणखी एक पोते टाकून उतारा वाढवू म्हणणाऱ्या शेतकऱ्याचा माल नाकारला जातो. सातूचा शेतकरी हात राखून नत्र देतो, तेही लवकर देतो, आणि एकरी एखादा क्विंटल गमावतो. का गमावतो? त्याला त्या गमावलेल्या क्विंटलपेक्षा जास्त दाम मिळतात म्हणून. जिथे मिळत नाहीत तिथे तोही युरिया टाकतो आणि माल जनावरांच्या खाद्यात विकतो. गुणवत्ता फुकट पिकत नाही, हे तिथल्या खरेदीदाराला हिशेबाने कळलेले आहे.

साका कोणाला दिसला?

इथल्या आंब्याचेही उदाहरण घ्या. हापूसला एक खोड आहे. वरून फळ राजबिंडे, रंग-वास सगळा जागच्या जागी, आणि कापले की आत पांढरट, स्पंजासारखा भाग. याला इथे साका म्हणतात. बागाईतदाराला दिसत नाही, दलालाला दिसत नाही, गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर दिसतो. गिऱ्हाइकाची ती तक्रार फिरत फिरत संशोधन केंद्रापर्यंत पोचली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात काढली, तिची शिफारस १९८१ साली झाली, आणि तिच्यात साका नाही. रत्नाने हापूसची गादी घेतली नाही ही गोष्ट वेगळी. पण संशोधनाचा प्रश्न एकरी किती टन असा नव्हता, खाणाऱ्याला काय नको आहे असा होता. तो प्रश्न झाडापर्यंत गेला.

आता आपल्या ज्वारीकडे या. सी.एस.एच.-१ हे पहिले संकरित वाण १९६४ साली आले. आमच्या मास्तरांनी ते आम्हाला चमत्कार म्हणून शिकवले, आणि उताऱ्याच्या बाबतीत तो चमत्कार होताच, नाकारायचे कारण नाही. जुनी उंच ज्वारी दिवस लहान होण्याची वाट बघून निसवायची, पाऊस सरल्यावर दाणा पिकायचा. संकरित ज्वारी बुटकी आणि शंभर दिवसांची. ती भर पावसात, भाद्रपदातच पिकायला लागली. ओल्या कणसावर बुरशी चढली, दाणा काळा पडला. तेव्हापासून गेली साठ वर्षे खरीप ज्वारीचा शेतकरी एकच वाक्य ऐकतो आहे: "माल काळा आहे, भाव पडेल."

उतारा वाढला हे संशोधकाने मोजले. दाणा मेला हे कोणी मोजले? बाजार समितीत आडत्याने. तो मोजतोही डोळ्यांनी, आणि बोली लावतो रुमालाखाली.

शास्त्रज्ञांनी काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. अकोला आणि परभणीला काळ्या बुरशीवर काम झाले, वाणांत सुधारणाही झाली. रब्बीसाठी मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकातली जात आजही भाकरीला हटत नाही. राहुरीच्या विद्यापीठाने तर खाणाऱ्याकडे बघून वाण काढायला सुरुवात केली: हुरड्यासाठी फुले उत्तरा, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ते रब्बीच्या टापूत पडले. खरिपात काळी पडणाऱ्या ज्वारीचा शेतकरी मात्र कंटाळून सोयाबीनकडे गेला. तुमच्यातले निम्मे त्यात आहेत.

बुरशी त्यांच्याकडेही आली होती

१९९३ सालची गोष्ट. अमेरिकेत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीचे खोरे आहे. माल्टच्या सातूचे ते माहेरघर. त्या वर्षी पाऊस लांबला आणि ओंब्यांवर फ्युजेरियम बुरशी आली. आपल्या ज्वारीला काळे करणाऱ्या बुरश्यांतही या घराण्यातली बुरशी आहे. तिच्यामुळे दाण्यात विष तयार होते, आणि असा सातू माल्टच्या कारखान्याच्या दारात उभा राहू शकत नाही. पुढची कित्येक वर्षे हाच त्रास राहिला. शेतकरी बुडाले, सातूचा पेरा पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत सरकला.

इथपर्यंत त्यांची कथा आणि आपली कथा एकच आहे. पुढे वाटा फुटतात. तिथले सातू आणि गहू पिकवणारे शेतकरी, पिठाच्या गिरण्या, माल्टवाले, बिअरवाले आणि विद्यापीठे १९९७ साली एका टेबलाशी बसली. या एका बुरशीविरुद्ध त्यांनी मिळून एक मोहीम उभी केली आणि केंद्र सरकारकडून तिला पैसा मिळवला. कोणत्या विद्यापीठाने कशावर काम करायचे, हे ठरवताना शेतकऱ्याचा माणूस टेबलाशी होता.

तो तिथे कसा पोचला? हे नीट ऐका, कारण आम्हाला आज याच मुद्द्यासाठी तुमचा वेळ हवा आहे. आयडाहो, मोंटाना, नॉर्थ डकोटा अशा राज्यांत शेतकऱ्याने विकलेल्या सातूवर अगदी किरकोळ वर्गणी कायद्याने कापली जाते आणि ती शेतकऱ्यांनीच चालवलेल्या मंडळाकडे जमा होते. मंडळ त्यातून संशोधनाला पैसा देते. दुसऱ्या बाजूला माल्ट आणि बिअर कारखानदारांची संघटना आहे, अमेरिकन माल्टिंग बार्ली असोसिएशन. तीही विद्यापीठांच्या पैदासकारांना पैसा देते, नवे वाण आधी प्रयोगशाळेत आणि मग कारखान्याच्या प्रमाणावर माल्ट करून तपासते, आणि कोणती वाणे पेरावीत याची यादी पेरणीआधी जाहीर करते. पेरणीआधी, भावांनो. आपल्याकडे खरेदीदाराला काय हवे ते गाडी काट्यावर चढल्यावर कळते.

ते लोक साधू आहेत असा कोणी समज करून घेऊ नये. कंपनी ती कंपनीच. पण ज्याने पैसा घातला आहे त्याला खुर्ची द्यावी लागते.

आपल्या देशात सातूच्या बाबतीत अर्धे काम झालेले आहे. कर्नालच्या गहू संशोधन संचालनालयाने (२०१४ पासून त्याचे नाव भारतीय गहू व जव संशोधन संस्था) एका मोठ्या बिअर कंपनीबरोबर मिळून माल्टचे दोन ओळींचे वाण तयार केले. नाव डी.डब्ल्यू.आर.यू.बी.-५२. या नावातच करार लिहिलेला आहे. डी.डब्ल्यू.आर. म्हणजे कर्नालचे संचालनालय, यू.बी. म्हणजे युनायटेड ब्रुअरीज. वाण चांगले आहे, दाणा टपोरा आहे. पण अक्षरे पुन्हा वाचा. सरकार आहे, कंपनी आहे, शेतकऱ्याचे एकही अक्षर नाही. कराराच्या शेतीत शेतकऱ्याला बियाणे मिळाले, सल्ला मिळाला, खरेदीही मिळाली. टेबलाशी खुर्ची मात्र मिळाली नाही.

मेलेल्या दाण्याचे धोरण

आता आपल्या राज्याने ज्वारीसाठी काय केले? २००७ साली महाराष्ट्र शासनाने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण आणले. कारण काय सांगितले? काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, शेतकऱ्याला भाव मिळेल. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी धान्याची दारू करण्याला विरोध केला, गदारोळ झाला. तो वाद तुम्हाला आठवत असेल.

त्या वादात दोन्हीकडून जे बोलले गेले नाही ते आम्ही सांगतो. ते अनुदान होते कारखान्याला, लिटरमागे. शेतकऱ्याला क्विंटलमागे नव्हते. आणि त्या कारखान्याला जिवंत दाणा लागतच नाही. तो बाहेरून विकत आणलेली विकरे घालतो. काळी असो, किडकी असो, पिठूळ असले की झाले. ज्या गिऱ्हाइकाला कुजलेले चालते तो चांगल्याचा भाव कशाला देईल? म्हणून त्या धोरणातून एक नवे वाण निघाले नाही, वाळवणीची एक सोय उभी राहिली नाही, गुणवत्तेची एक अट लिहिली गेली नाही. मेलेल्या दाण्याचे धोरण ते.

दारूबद्दल आमचे मत विचाराल तर सरळ सांगतो. इथे बसलेल्या मायबहिणींपैकी कितीतरी जणींनी आपापल्या गावात बाटली आडवी केली आहे, आणि तो निर्णय त्यांचाच राहिला पाहिजे. पण माल्ट म्हणजे दारू नव्हे, जसा ऊस म्हणजे दारू नव्हे. माल्टचा दुसरा रस्ता आज सकाळी आपण वाटीतून प्यालो.

बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले. गरीब घरात बाळाला दिलेली पेज दाट असेल तर त्याला गिळवत नाही, पातळ केली तर पोटात नुसते पाणी जाते. त्यांनी दाखवले की मोड आणलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ दाट पेजेत घातले की पेज काही मिनिटांत पातळ होते आणि सत्त्व तेवढेच राहते. कुलूप उघडणारी विकरे ती हीच. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्र संशोधन संस्थेनेही नाचणीच्या माल्टवर भरपूर काम केले. या कामात नाचणी हुशार धान्य आहे, कोकणातल्या आजींना ते प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

ज्वारीचे काय? ज्वारीचे माल्ट होते. आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या करतात. सातूला गारवा लागतो, ज्वारीचे मोड पंचवीस-तीस अंशांवर चांगले येतात. म्हणजे थंड करायच्या यंत्राचा खर्च वाचतो. पण दोन अडचणी आहेत, त्या लपवून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. ज्वारीच्या माल्टमधले एक महत्त्वाचे विकर सातूपेक्षा बरेच कमी असते, आणि ज्वारीचे पिठूळ मऊ व्हायला उष्णताही जास्त लागते. दुसरी अडचण तुम्हाला गोठ्यातून माहीत आहे. कोवळी, पाण्याच्या ताणातली ज्वारी खाऊन जनावर दगावते. तेच विष ज्वारीच्या मोडात असते. नाचणीचे मोड दळले तसे ज्वारीचे मोड दळायचे नाहीत. कोंब आणि मुळ्या खडखडीत वाळवून, चोळून, पाखडून काढल्याशिवाय आणि प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय ज्वारीचे माल्ट कोणाच्या, विशेषतः लेकराच्या, तोंडी द्यायचे नाही. घरी जाऊन उत्साहाने कोणी उद्योग करू नये म्हणून हे दोनदा सांगतो.

या दोन्ही अडचणी संशोधनाच्या आहेत. वाणावाणांत फरक असतो, आणि तो शोधायला कोणीतरी पैसा, जमीन आणि दाणे द्यावे लागतात.

एकाच दारावर उभे राहू नका

नायजेरियाने १९८८ साली सातूच्या माल्टची आयात बंद केली. बिअरचे कारखाने म्हणाले, ज्वारीवर आमचे चालणार नाही. चालले. पण बऱ्याच ठिकाणी त्यांनी कच्ची ज्वारी घेतली आणि विकरे परदेशातून आणली, कारण ज्वारीच्या माल्टची तयारी आधी झालेली नव्हती. युगांडात मात्र तयारी होती. एपुरिपुर नावाचे ज्वारीचे वाण तिथे १९९५ साली निघाले होते. २००२ साली एका बिअर कंपनीने त्यावर नवा माल काढला, सरकारने कर कमी केला, आणि हजारो लहान शेतकऱ्यांना ठरलेले गिऱ्हाईक मिळाले.

मग केनियाचे ऐका. तिथेही करात सूट मिळालेली स्वस्त बिअर ज्वारीवर चालत होती. २०१३ साली सरकारने त्या बिअरवर पन्नास टक्के अबकारी बसवली. खप कोसळला आणि ज्वारी शेतकऱ्याच्या घरात पडून राहिली. २०१५ साली कर पुन्हा उतरवला, पण मधल्या हंगामांचे काय? आणि श्रीमंत देशाचा शेतकरीही यातून सुटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सातूचे मोठे गिऱ्हाईक चीन. मे २०२० मध्ये राजकारण बिनसले आणि चीनने साडेऐंशी टक्के आयातशुल्क लावले, ते ऑगस्ट २०२३ मध्ये उठले. तीन वर्षे एका सहीने.

कापूसवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. १९७२ पासून तीस वर्षे एकाच खरेदीदाराला कापूस देण्याची सक्ती आपण भोगली आहे. सरकार असो की कंपनी, एकच दार असले की दारवान मालक होतो.

आमची स्वतःची फजितीही सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही तीस-पस्तीस शेतकऱ्यांना तयार करून एका प्रक्रिया कारखान्यासाठी खरीप ज्वारी पेरायला लावली. भाव बाजारापेक्षा चांगला, बोलणी तोंडी. आमच्याकडे पदवी होती, पेरणीचे अंतर, खताची मात्रा सगळे अचूक सांगितले. माल गेला तेव्हा दारात ओल मोजली, चौदा टक्के. म्हणाले, आम्हाला बारा लागते. काट किती धरायची याचा कागद नव्हता. आमच्याजवळ ओल मोजायचे यंत्र नव्हते, मालाचा राखून ठेवलेला नमुना नव्हता. दोन दिवस ट्रक उभा, भाडे चढले, शेवटी तोच माल व्यापाऱ्याला बाजाराहूनही कमी भावाने दिला. त्या शेतकऱ्यांनी आम्हाला शिव्या दिल्या नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले. चूक आमची होती. गुणवत्ता पिकवायला शिकवली, मोजायला शिकवली नाही.

म्हणून आता मागणी करायची ती सगळीच कागदावर, आणि करण्याआधी आपल्या हातात आकडा हवा. विद्यापीठांकडे आपण जाणार आहोत: परभणी, अकोला, आणि हैदराबादची भरड धान्यांची संस्था. त्यांना सांगायचे आहे की आजवर निघालेल्या खरीप वाणांपैकी कोणते माल्टला चालते याची तपासणी करा, आणि ती करताना आमच्या शेतातले दाणे घ्या, नुसते केंद्रावरचे नकोत. केंद्रावर ज्वारी वेळेवर कापली जाते, आपल्याकडे मजूर मिळेपर्यंत उभी असते. तो फरक प्रयोगात आला पाहिजे. बाजार समित्यांत सेस जमा होतो. त्यातून तालुक्याच्या आवारात ओलीचे यंत्र आणि उगवण तपासायची सोय का नसावी? आणि कोणतीही कंपनी आली तर तिने अटींचा तक्ता पेरणीआधी द्यावा, नमुना तीन पुड्यांत सीलबंद व्हावा, एक तिची, एक आपली, एक तिसऱ्याकडे. माल नाकारला तर तो कुठल्या आकड्यावर नाकारला हे लिहून द्यावे.

रब्बीवाल्या भावांना एक सांगतो. तुमची फेब्रुवारीतली मोत्यासारखी ज्वारी माल्टला घालायच्या फंदात पडू नका, तिला भाकरीचे गिऱ्हाईक बसलेले आहे. ही लढाई खरीपवाल्यांची आहे.

आणि खरीपवाल्यांनी या हंगामात एवढे करायचे. अर्धा एकर ज्वारी एकाच वाणाची, बाकीत मिसळू न देता ठेवा. दाणा पक्व झाला की, बुडाशी काळा ठिपका दिसला की, उघडीप बघून कणसे खुडा. ताटे नंतर कापा. कणसे ढिगाने घालू नका, वाफ धरते आणि दाणा तिथेच मरतो. मळणी यंत्राचा वेग कमी ठेवा, फुटका दाणा उगवत नाही. मग शंभर दाणे मोजून ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळा, पाचव्या दिवशी उघडून मोजा. पंच्याण्णव आले तर उत्तम. साठ आले तरी लाजायचे नाही, साठ लिहायचे. खोटा आकडा लिहिला तर विद्यापीठात पहिल्याच दिवशी आपले नाक कापले जाईल.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने त्या ज्वारीची पावशेराची पुडी आणायची आहे. पुडीवर गाव, वाण, कापणीची तारीख, त्या आठवड्यात पाऊस होता की नव्हता, आणि शंभरातले उगवले किती तो आकडा. पुड्या गोळा करण्याचे काम महिला आघाडीने घ्यावे अशी आमची विनंती आहे, कारण बियाणे राखायचे काम घरात त्याच करतात आणि आकडा त्या फुगवणार नाहीत.

आता आजींनी निरोप पाठवला आहे की पाने वाढली आहेत. सत्वाची कृती ज्यांना लिहून घ्यायची आहे त्यांनी जेवण झाल्यावर पडवीत बसावे.